जिल्ह्याच्या गावातलं कलादालन हाती आलंय? मुख्य क्युरेटरच्या पहिल्या वर्षासाठी काही सूचना

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता हवी तशी प्रदर्शनं भरवायची. रुजू झालो त्या दिवशी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आला. तेवीस किल्ल्या, एकीलाही चिठ्ठी नाही. त्यातल्या चार किल्ल्यांची कुलपं मला आजतागायत सापडलेली नाहीत.

आमचं दालन दक्षिण महाराष्ट्रातलं, नदीकाठच्या गावातलं. संग्रहात सातशेच्या आसपास चित्रं आणि थोडी शिल्पं, हाताखाली पाच माणसं, वर एक समिती. मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात या कामासाठी वेगवेगळे विभाग असतात, तिथल्या पद्धती आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडे क्युरेटर, रजिस्ट्रार (म्हणजे संग्रहाच्या नोंदी ठेवणारा) आणि वेळ पडली तर फ्यूज बसवणारा एकच असतो. शिकायला मला जो वेळ लागला तो तुम्हाला लागू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

१. पहिले पंधरा दिवस भिंतीला हात लावू नका

नवा माणूस आला की मांडणी बदलतो. मीही बदलली, आणि तिसऱ्याच दिवशी भांडारातल्या मामांनी शांतपणे सांगितलं, "सर, ते चित्र तिथं नको. पावसाळ्यात त्या भिंतीला पाझर असतो." ही माहिती कुठल्याही कागदावर नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ती फक्त त्यांच्या डोक्यात साठली होती.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात तीनच कामं करा. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा आणि किल्ल्यांची वही सुरू करा. इमारतीत रोज एकदा, वेगवेगळ्या वेळी फिरा, म्हणजे ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता आत येतं ते दिसेल. आणि सगळ्यात जुन्या कर्मचाऱ्याबरोबर रोज अर्धा तास बसून तो सांगेल ते लिहून घ्या. त्यांचं निवृत्तीचं वर्षही विचारून ठेवा, कारण ती तुमच्या मोजदादीची शेवटची तारीख असते.

२. मोजदाद: आपल्याकडे आहे तरी काय?

माझ्या मते हे काम सोडून पहिल्या वर्षी दुसरं काही झालं नाही तरी चालेल.

बहुतेक जुन्या दालनांत दोन तरी वह्या निघतात. एक जडसंग्रह नोंदवही, म्हणजे आपलं डेडस्टॉक रजिस्टर, ज्यात टेबल, पंखा आणि तैलचित्र एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. दुसरी एखाद्या हौशी पूर्वसुरींनी केलेली अर्धवट यादी. आमच्या वहीत 'निसर्गचित्र, एक, फ्रेमसह' अशा अकरा नोंदी होत्या. कुठलं चित्र कुठल्या नोंदीतलं हे ठरवताना दोन महिने गेले.

काम असं करा. दोघांची जोडी लावा, एकाने मोजायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याने करू नका, चित्र हातात असताना कोणी पेन धरत नाही. प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक द्या: दाखल झाल्याचं वर्ष, त्या वर्षातला दानाचा किंवा खरेदीचा क्रम, त्यातली वस्तू. उदाहरणार्थ १९६८.४.२. वर्ष माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. तिथे 'अ' लिहा आणि पुढे क्रम चालू ठेवा.

क्रमांक कुठे लिहायचा? कागदावरच्या चित्राच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. तैलचित्राच्या कॅनव्हासवर कधीच नाही, मागच्या लाकडी चौकटीवर. बॉलपेन आणि चिकट लेबल या दोन गोष्टी भांडारातून हद्दपारच करा. तीस वर्षांपूर्वीच्या चिकटपट्टीचा पिवळा डाग आमच्या एका सुंदर जलरंगावर अजून आहे.

नोंदवहीत हे रकाने हवेतच: क्रमांक, चित्रकार, विषय, माध्यम, फ्रेमशिवाय मापं सेंटिमीटरमध्ये, कुठून आलं, कागदपत्र आहे का, आज कुठे आहे, स्थिती कशी आहे. शिवाय मी एक जास्तीचा रकाना ठेवलाय, 'हे कशावरून?'. चित्रकाराचं नाव सहीवरून लिहिलं, जुन्या यादीवरून लिहिलं की नुसतं कोणी सांगितलं म्हणून, ते त्यात येतं.

आमच्या भागात या रकान्याची फार गरज पडते. जुना जलरंग दिसला की लोक तो कोल्हापूरचे जुने चित्रकार अबालाल रहिमान यांचा असं ठरवून मोकळे होतात. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर अबालालनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. त्यामुळे 'वाचलेलं एखादं' आपल्याच माळ्यावर असेल अशी आशा प्रत्येक घराला असते. दुसरा नेहमीचा प्रकार रविवर्म्याचा. आजोबांच्या दिवाणखान्यातलं 'मूळ चित्र' घेऊन माणसं येतात. भिंगाखाली धरलं की ठिपके दिसतात, म्हणजे ती छापील तसबीर, ओलिओग्राफ. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या तसबिरी घरोघरी पोचल्या. जरीटिकल्या लावून सजवलेली जुनी तसबीर संग्रहात ठेवण्यासारखीच असते. पण नोंदवहीत तिला तसबीरच म्हणा, आणि आणणाऱ्याला हे सांगताना चहा आधी मागवा.

वही झाली की संगणकावर चढवा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केलेली आहे. ती मिळेपर्यंत साधी एक्सेल फाइलही पुरते. मात्र हाताने लिहिलेली, पानांना क्रमांक घातलेली आणि सहीशिक्क्याची वही बंद करू नका. ऑडिटवाले ती मागतात, आणि चोरीची फिर्याद द्यायची वेळ आली तर पोलीसही तीच मागतात.

३. माणसं

मंजूर पदं नऊ, भरलेली पाच, हे गणित तुमच्याकडेही बहुधा असंच असेल. कागदावरच्या पदनामांना धरून बसू नका. आमचा एक सहायक अभिरक्षक, म्हणजे असिस्टंट क्युरेटर, माणसांशी बोलायला लाजायचा, पण त्याचं अक्षर आणि चिकाटी पाहून मी त्याच्याकडे नोंदवही सोपवली. आणि पदाने शिपाई असलेली एक ताई शाळेची पोरं अशी रंगवून ठेवते की मार्गदर्शनाचं काम आता तिच्याकडेच आहे. पद बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण फलकावर नाव टाकणं होतं. प्रत्येक प्रदर्शनाच्या शेवटच्या फलकावर सुतारमिस्त्रींसकट सगळ्यांची नावं जातात. एवढ्या एका गोष्टीने जे काम झालं ते दहा मेमो काढून झालं नसतं.

सोमवारी दालन बंद असतं. त्या दिवशी सकाळी अर्ध्या तासाची बैठक घ्या, रखवालदारालाही बसवा. रात्री गळणारा नळ त्यालाच ऐकू येतो.

चित्र उचलण्याची शिस्त पहिल्या महिन्यातच घाला. फूटभरापेक्षा मोठं चित्र दोघांनीच न्यायचं. वरच्या पट्टीला धरून उचलायचं नाही, एक हात खाली, एक बाजूला. वाट आधी मोकळी करायची, मग चित्र उचलायचं. घड्याळ, अंगठी, खिशातलं पेन काढून ठेवायचं. पांढऱ्या सुती हातमोज्यांचे फोटो छान येतात, पण जुन्या फ्रेमच्या सुटत्या सोनेरी वर्खात त्यांचे धागे अडकतात. त्यापेक्षा निळे नायट्राइलचे मोजे घ्या. नुसत्या कागदासाठी तर स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हातही चालतात.

बाहेरून येणाऱ्या कारागिरांवर जास्त लक्ष ठेवा. मी फोनवर बोलत असताना एका सुताराने हुक बसवायला मागच्या चौकटीत दोन इंची खिळा ठोकला, आणि त्याचं टोक पुढे चित्रातल्या आकाशात निघालं. त्याला आधी सांगितलं नव्हतं, तेव्हा दोष माझाच होता.

४. ओल, उजेड आणि कसर

उजेड लक्समध्ये (हे उजेडाचं माप) मोजायचं यंत्र आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र या दोन गोष्टींसाठी समितीकडे पहिल्याच बैठकीत पैसे मागा. फार मोठा खर्च नाही.

कागदावरची चित्रं, जलरंग, रंगीत कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. पन्नास लक्स म्हणजे आपल्याला अंधारच वाटतो, आणि पहिल्या दिवशी तीन पाहुणे "लाइट गेलीय का?" विचारतात. दाराजवळचा भाग थोडा मंद ठेवला की डोळे सरावतात. आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, उडालेला रंग परत बसत नाही. म्हणून आमच्याकडे जलरंग तीन महिने भिंतीवर राहतो आणि मग दोन वर्षं कपाटात.

आर्द्रतेचं पुस्तकी माप ४५ ते ६० टक्के. जुलैत आपल्याकडे ते कसं ठेवणार? चोवीस तास एसी चालवायला पैसे नसतात, आणि दिवसा चालू, रात्री बंद असा एसी सगळ्यात वाईट. रोजच्या त्या चढउतारात लाकूड आणि कॅनव्हास फुगतात, आक्रसतात आणि रंगाला भेगा जातात. एसी नसलेला परवडला. पावसाळ्यात आम्ही कागदाची चित्रं आतल्या, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत हलवतो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढतो, खालचा खण रिकामा ठेवतो. चित्राच्या मागच्या पट्टीला बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळतो.

डांबरगोळ्या मात्र टाकू नका. वास माणसांच्या डोक्यात जातो आणि कसर वह्या खातच राहते. दर पंधरवड्याला टॉर्च तिरपी धरून कपाटाचे कोपरे, फ्रेमच्या मागच्या बाजू बघा. तिरप्या उजेडात भुशाची बारीक रांगोळी, वाळवीचं मातकट बोळकांड, सुटलेला रंग, सगळं उठून दिसतं.

बुरशी आली, रंग सुटला, तर स्वतः पुसायला जाऊ नका. बटाट्याच्या फोडीने तैलचित्र 'साफ' केलेलं मी पाहिलंय. छायाचित्रं काढा, चित्र आडवं ठेवा आणि जाणकारांना कळवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. जुनं काम बघायचं असेल तर टीमला एक दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन जा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं ते संग्रहालय पाहिलं की छोट्या गावात काय होऊ शकतं याची चर्चा घरी परततानाच गाडीत सुरू होते.

५. पहिलं प्रदर्शन

सहा महिने धरा आणि उलटं मोजा. उद्घाटनाच्या आधीचे दहा दिवस चित्रं लावण्याचे, त्याआधीचा महिना फ्रेम आणि माउंटचा (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा), त्याआधी मजकूर, त्याआधी निवड. पहिल्या खेपेला बाहेरून काहीच मागवू नका, आपल्याच भांडारातून करा. मोजदादीत विषय आपोआप हाती लागतो. आम्हाला एकाच घाटाची पाच वेगवेगळ्या चित्रकारांनी, वेगवेगळ्या दशकांत केलेली चित्रं सापडली. त्यावर पस्तीस चित्रांचं प्रदर्शन झालं, आणि गावातली म्हातारी माणसं "ही पायरी आता गेली" म्हणत दिवसभर बसून राहिली.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर धरा. हुकाची उंची काढायचं सूत्र सोपं आहे: १५०, अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा भाग, वजा ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं. चित्र ८० सेंटिमीटर उंच आणि तार १० खाली येत असेल तर १५० अधिक ४० वजा १०, म्हणजे १८० वर हुक. मिस्त्री "अंदाजे करतो" म्हणाले तर हसून टेप हातात द्या.

मजकूर मराठीत आधी लिहा, मग इंग्रजीत. इंग्रजीवरून मराठी केलं की 'अवकाशाचं विखंडन' असलं काहीतरी भिंतीवर येतं आणि वाचणारा पुढे सरकतो. एका चित्राला साठ-सत्तर शब्द पुरे. लिहून झाल्यावर मी तो रखवालदाराला वाचून दाखवतो. तो जिथे अडतो तिथे खोडतो.

आता सापळे. समई आणि उदबत्ती दालनाच्या आत नको, दीपप्रज्वलन व्हरांड्यात करा. याला विरोध होईल, तेव्हा विमा पॉलिसीतलं आगीचं कलम दाखवा. हारतुरे, पाण्याच्या बाटल्या, पेढ्यांचे बॉक्स बाहेरच्या टेबलावर. आणि सगळ्यात अवघड सापळा: समितीतल्या कुणाच्या तरी भाचीची चित्रं. तोंडी नकार दिला की तुम्ही वाईट. त्यासाठी निवडीचे निकष आणि तीन जणांची निवड समिती आधीच ठराव करून लिहून ठेवा, म्हणजे नकार कागद देतो.

६. उसनी चित्रं आणि त्यांचे कागद

दुसऱ्याचं चित्र दारातून आत येताना हे कागद तयार हवेत:

- उसनवारीचा करार: कशासाठी, किती दिवस, परत न्यायचा खर्च कोणाचा
- स्थिती अहवाल: पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांच्या छायाचित्रांसह, दोघांच्या सह्या, येताना आणि जाताना दोन्ही वेळा
- विमा: चित्र मालकाच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा. नुसता दालनातल्या मुक्कामाचा नको, नुकसान बहुतेक वेळा टेम्पोत होतं
- छायाचित्रं छापायची लेखी परवानगी
- आवक-जावक वहीतली नोंद, तारीख आणि वेळेसह

स्थिती अहवालाला आळस करू नका. एकदा ओळखीतले म्हणून मी तो केला नाही. चित्र परत गेल्यावर "हा ओरखडा आधी नव्हता" असा फोन आला. असेल किंवा नसेल, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. दुरुस्तीचा खर्च दालनाने दिला आणि समितीपुढे मी खाली मान घालून उभा राहिलो.

दान आलं तर दानपत्र घ्या, त्यात 'विनाअट' हा शब्द बघून घ्या. 'कायम दर्शनी भागात लावावे' अशी अट मान्य केलीत तर तुमच्यानंतरचे चार क्युरेटर तुम्हाला शिव्या देतील.

७. कायद्याचं थोडं

चित्र दालनाच्या मालकीचं आहे म्हणजे त्याचे छापण्याचे हक्कही दालनाचे, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्याने ते लेखी दुसऱ्या कोणाला दिले नसतील तर. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. सावळाराम हळदणकर १९६८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांचं कॅलेंडर काढायचं तर २०२८ संपेपर्यंत परवानगी हवी. नोंदवहीत चित्रकाराचं मृत्युवर्ष लिहून ठेवलं की हा हिशेब दर वेळी करावा लागत नाही.

हक्क विकले तरी चित्रकाराचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क, उरतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये नुकसानभरपाई. 'जागेत बसत नाही' म्हणून कॅनव्हासची कड दुमडणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलानिधींचा. शंभर वर्षांपेक्षा जुनी चित्रं, शिल्पं पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. त्यातल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी लागते, तेव्हा तुमच्या यादीवर नोंदणी अधिकाऱ्यांचं मत लेखी घ्या. शिवाय नऊ चित्रकारांची कामं कलानिधी म्हणून जाहीर आहेत: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी, निकोलस रोरिक आणि रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे तिघे टागोर. त्यांची चित्रं विकण्यासाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. कॉपीराइट संपला म्हणजे हेही संपलं असं समजू नका, दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत.

८. पैसा

थोडक्यात सांगतो. वार्षिक अंदाजपत्रकात संवर्धनाचं वेगळं शीर्ष मागून घ्या, नाहीतर ते 'किरकोळ दुरुस्ती'त जातं आणि त्यातून संडासाची दारं बसतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कलेचं आणि कलाकृतींचं जतन हा सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चासाठी, मान्य विषय आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे जाताना 'मदत करा' म्हणू नका. 'या बारा चित्रांचं संवर्धन, हा खर्च, हे आधीचे फोटो' असा दोन पानांचा कागद न्या.

९. पुराची यादी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने काय केलं ते या भागात कोणाला सांगायला नको. तेव्हा आमच्या तळघरात पाणी शिरलं, आणि काय आधी उचलायचं यावर आम्ही जिन्यात उभे राहून वाद घातला. त्यानंतर ही यादी केली. तुम्ही तुमची पहिल्याच उन्हाळ्यात करा.

सगळ्यात आधी न्यायच्या पंचवीस वस्तू, त्यांची जागा आणि कोणी न्यायच्या त्यांची नावं एका पानावर लिहा. पहिल्या क्रमांकावर चित्र नाही, दाखल नोंदवही. तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, उंचावर हवी. तळमजल्यावर कागदाचं जे काही असेल ते जूनच्या आधी वर न्या. भिजलेला कागद उन्हात वाळवू नका आणि एकमेकांना चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. टीपकागद मध्ये घालत पंख्याच्या वाऱ्यात वाळवा, आणि दोन दिवसांच्या आत, कारण त्यानंतर बुरशी धरते. एवढ्या वेळात उरकणार नाही असं दिसलं तर पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग सावकाश एकेक काढता येतात. भिजलेलं तैलचित्र मात्र फ्रीजरमध्ये नको, ते रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा. गावातल्या आइस्क्रीमवाल्याशी आधीच बोलून ठेवा. आमच्याने लगेच हो म्हटलं, फक्त मे महिन्यात येऊ नका म्हणाला.

ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून रखवालदाराच्या खोलीत, फोनच्या वर लावा. खाली तुमचा, मिस्त्रींचा आणि टेम्पोवाल्याचा नंबर, पेन्सिलीने नव्हे, जाड मार्करने.